ताईच्या फाईलवर चार नावं: खरा आजार कोणता?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: ताई ३१ वर्षांची, शिंदखेडा तालुक्यात दिलेली. सहा वर्षांत चार डॉक्टर झाले. पहिल्या फाईलवर 'अँक्झायटी', दुसरीवर 'डिप्रेशन', तिसरीवर 'सायकोसिस, एफ २९', आणि आता चौथे डॉक्टर 'बायपोलर' म्हणतात. डोक्याचा एमआरआय नॉर्मल आला. सासरचे म्हणतात, 'बाहेरचं' आहे, डॉक्टरांनाच कळत नाही तर गोळ्या कशाला? आणि तुम्ही विचारताय, या चारातलं खरं कोणतं आणि बाकीचे तीन डॉक्टर चुकले कसे?

भाऊ, मी २२ वर्षं जळगाव जिल्ह्यात मानसोपचार करते. ताईंना मी पाहिलेलं नाही. त्यामुळे 'त्यांना अमुकच आहे' असं मी इथे बसून सांगणार नाही, आणि दुसरं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. पण या चार शब्दांमागे काय असतं, ते का बदलतात आणि आता तुम्ही काय करायचं, हे सांगू शकते. तुमच्या मनातला खरा प्रश्न मला असा दिसतो की डॉक्टरांचंच एकमत नसेल, तर उपचार कशाच्या भरवशावर चालू ठेवायचे?

आपल्या भागातलंच उदाहरण देते. कपाशीचं पान लाल झालं की आपण म्हणतो, लाल्या पडला. पण लाल्या हे पानाचं दिसणं झालं. मॅग्नेशियम कमी पडलं तरी पान लाल होतं, तुडतुड्यांनी रस शोषला तरी होतं, वावरात पाणी साचलं तरी होतं, रात्रीची थंडी एकदम वाढली तरी होतं. जाणता शेतकरी नुसतं पान बघून फवारणी सांगत नाही. आधी काय दिसलं, पाऊस कधी झाला, खत कधी टाकलं, हे तो विचारतो. मानसिक आजारांची बहुतेक नावं अशीच लक्षणांच्या जुडीला दिलेली आहेत. साखर मोजून मधुमेह ठरतो, तसं रक्तातून किंवा एमआरआयमधून डिप्रेशन ठरत नाही. तपासण्या आम्ही करतो त्या दुसरं काही नाही ना हे पाहण्यासाठी: थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२, आणि गरज वाटली तर मेंदूचा फोटो. एमआरआय नॉर्मल आला याचा अर्थ एवढाच की मेंदूत गाठ, सूज, रक्तस्राव असं काही दिसलं नाही. ताई नाटक करतात किंवा आजारच नाही, असा अर्थ त्यातून कुणी काढू नये.

फाईलवरच्या 'एफ'बद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांची यादी केली आहे, तिच्या दहाव्या आवृत्तीत मानसिक आजारांच्या विभागाला 'एफ' हे अक्षर आहे. एफ २० म्हणजे स्किझोफ्रेनिया, एफ ३१ बायपोलर, एफ ३२ डिप्रेशनचा एक झटका, एफ ४१ चिंतेचे आजार, एफ ४२ ओसीडी. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आणि तिचे कोड वेगळे आहेत, पण आपल्याकडच्या केसपेपरवर अजून जुनेच दिसतात. आता एफ २९ बघा. त्याचा अर्थ, 'सायकोसिस दिसतोय, पण कोणत्या प्रकारचा ते आज सांगता येत नाही.' म्हणजे तिसऱ्या डॉक्टरांनी त्या दिवशी जेवढं दिसलं तेवढंच लिहिलं. ते चुकले, असं मी म्हणणार नाही.

आता शब्द एकेक करून घेऊ.

अँक्झायटी म्हणजे चिंता. पण माझ्या ओपीडीत 'मला चिंता आहे' असं म्हणत फारसं कुणी येत नाही. बाया म्हणतात 'जीव घाबरस', पुरुष म्हणतात छातीत धडधडतं, हातपाय गळून जातात, गॅस डोक्यात चढतो. तोवर तीन ईसीजी झालेले असतात आणि तिन्ही नॉर्मल असतात. अचानक उसळून दहाएक मिनिटांत टोकाला जाणारी ही भीती, 'आता मी मरतो' अशी, तिला पॅनिक अटॅक म्हणतात. महिनोन् महिने बारीकसारीक गोष्टींची काळजी सुटत नाही, अंग आखडतं, झोप लागत नाही, तो सर्वसाधारण चिंतेचा आजार. नको तो विचार वारंवार येतो आणि तो शमवायला हात धुणं, कडी तपासणं, मोजणं थांबवता येत नाही, तो ओसीडी. या तिन्हींत माणसाला आपलं काहीतरी बिनसलंय हे बहुधा कळत असतं. डॉक्टर फाईलवर 'इनसाइट' लिहितात ते याबद्दल: आजाराची जाण आहे की नाही.

डिप्रेशनमध्ये रडू येतंच असं नाही. मी पाहिलेल्या कितीतरी बायका 'दुःख' हा शब्द उच्चारतही नाहीत. डोकं दुखतं, पाठ दुखते, भाकरी घशाखाली उतरत नाही, लेकराला जवळ घ्यावंसं वाटत नाही. पहाटे तीन-चारला जाग येते आणि तीच वेळ सगळ्यात वाईट असते. असं दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे चाललं आणि रोजचं काम अडलं, तर त्याला डिप्रेशन म्हणायचं. आणि डिप्रेशनमध्ये घाबरणं, धडधडणं इतकं असतं की पहिल्या भेटीत डॉक्टर 'अँक्झायटी' लिहून जातो. ताईंच्या पहिल्या दोन फाईल्समध्ये मला म्हणूनच फारसा विरोध दिसत नाही.

सायकोसिस हा शब्द लोकांना सगळ्यात घाबरवतो. त्यात दोन गोष्टी मुख्य. एक भास: कुणी नसताना आवाज ऐकू येणं, माणूस दिसणं. दुसरी भ्रम: पुरावा समोर ठेवला तरी न हलणारी खोटी समजूत, जसं 'जाऊबाई डाळीत काहीतरी कालवतात'. त्या माणसाला हे खरंच तसं ऐकू येत असतं आणि तसंच वाटत असतं, म्हणून वाद घालून उपयोग होत नाही. सायकोसिस हे एका आजाराचं नाव नाही, ती अवस्था आहे. स्किझोफ्रेनियात येते, बायपोलरच्या तेजीत येते, फार खोल डिप्रेशनमध्ये येते, बाळंतपणानंतर येते, गांजाने येते, काही औषधांनी आणि मेंदूच्या संसर्गानेही येते. जाता जाता: स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं, ही समजूत साफ चुकीची आहे. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द घडवला तो विचार, भावना आणि वागणं यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते या अर्थाने.

राहिला बायपोलर. यात डिप्रेशनचा काळ असतो आणि त्याच्या उलट तेजीचा काळ असतो, त्याला मेनिया म्हणतात. तेजी आठवडाभर किंवा जास्त टिकते. सकाळी हसणं आणि संध्याकाळी रडणं म्हणजे बायपोलर, असं हल्ली सर्रास म्हणतात. तसं नाही.

तेजी ओळखायला मी एक प्रश्न हमखास विचारते, आणि तो झोपेचा आहे. काही वर्षांपूर्वी यावलकडचं एक जोडपं आलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). बाई खुर्चीच्या कडेवर बसलेली, बांगड्या सारख्या वर सरकवत होती. मागच्या चिठ्ठीवर 'निद्रानाश' आणि झोपेची गोळी. मी विचारलं, झोप किती? नवरा म्हणाला, तीन तास. मी विचारलं, मग दुसऱ्या दिवशी थकवा येतो? तो माझ्याकडे बघतच राहिला. "थकवा कसाना, मॅडम? तीन वाजता उठी गयी नि समद्या गोधड्या धुई टाक्यात." मग एकेक निघत गेलं: ओटा सारवला, शेजारणीचे पापड लाटून दिले, गटाचे चाळीस हजार रुपये साड्यांच्या धंद्यात घालायचं ठरवलं, सासऱ्यांना तोंडावर बोलली, जे बारा वर्षांत कधी घडलं नव्हतं. झोप येत नाही आणि झोपेची गरजच वाटत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीत माणूस तळमळतो आणि सकाळी गळून जातो, ते चिंतेत आणि डिप्रेशनमध्ये दिसतं. दुसरीत तीन तास झोपून माणूस टवटवीत उठतो, ते तेजीचं लक्षण असतं. चिठ्ठीवर मात्र दोन्हींचा एकच शब्द होतो. ही गोष्ट घरच्यांनी सांगितल्याशिवाय डॉक्टरला कळत नाही, कारण तेजीतली व्यक्ती तक्रार घेऊन येतच नाही. तिला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलेलं नसतं.

आता ताईंच्या चार फाईल्स एकाखाली एक ठेवा. बायपोलर आजार अनेकदा, बायकांमध्ये तर विशेष करून, डिप्रेशनने सुरू होतो. तेजी त्यानंतर काही वर्षांनीही येऊ शकते. तोवर कितीही चांगला डॉक्टर असला तरी तो डिप्रेशनच लिहिणार, कारण समोर तेवढंच आहे. पुढे तेजी भडकली, त्यात भास-भ्रम आले आणि रात्री बाराला नेलेल्या दवाखान्यात डॉक्टरला पुढचं-मागचं काही सांगणारं कुणी नसलं, तर तो 'सायकोसिस' लिहिणार. चौथ्या डॉक्टरांनी बहुधा मागचं सगळं विचारलं आणि दोन टोकं जोडली. तेव्हा ही चार वेगळी नावं एकाच गोष्टीची चार पानं असू शकतात.

'असू शकतात' असं म्हणते, कारण काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे. पहिला त्रास बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत सुरू झाला होता का? आवाज ऐकू येणं फक्त तेजीत किंवा उदासीतच होतं, की मन ठीक असतानाही दोन-दोन आठवडे चालू राहायचं? तसं असेल तर निदान बायपोलरऐवजी स्किझोअफेक्टिव्ह या आजाराकडे झुकतं. डिप्रेशनची गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर तेजी आली का? नुसती डिप्रेशनविरोधी गोळी बायपोलर असलेल्या काहींना तेजीत ढकलू शकते. घराण्यात कुणाला असा आजार होता का, कुणी आत्महत्या केली होती का? दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू होतं का? यातली एकेक गोष्ट निदान फिरवू शकते.

सासरच्यांच्या 'बाहेरचं'बद्दल मी तुसडेपणाने बोलणार नाही. माझ्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी आधी भगताकडे, दर्ग्यावर किंवा गडावर जाऊन आलेले असतात, आणि त्यात त्यांची माया असते. आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या उत्सवाच्या रात्री अंगात येणारी बाई पूजा आटोपली की शांत होते, सकाळी रोट वाटते आणि कामाला लागते. तो आजार नाही. आजारांच्या त्या यादीच्या अकराव्या आवृत्तीतही समाजात मान्य असलेल्या धार्मिक विधीतलं अंगात येणं आजारातून वगळलं आहे. पण अंगात येणं विधीबाहेर, नको तेव्हा, वारंवार होऊ लागलं, त्या बाईला त्याचा जाच होऊ लागला, खाणंपिणं सुटलं, तर तिला उपचार लागतात. देवाला नवस बोला, वणीला पायी जा, मी कुणाला अडवत नाही. फक्त गोळी सोबत न्या. मात्र मारणं, धुरी देणं, साखळीने बांधणं याला मी अजिबात सवलत देत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मानसिक आजार असलेल्याला साखळदंड घालण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे.

गोळ्यांचं तुम्ही विचारलंत, 'आयुष्यभर?' यालाही एक उत्तर नाही. डिप्रेशनचा पहिलाच झटका असेल तर पूर्ण बरं वाटल्यावर पुढे साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवून हळूहळू कमी करतात. डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते आणि नेमकी तेव्हाच लोक सोडतात. बायपोलर नक्की झाला, तर हिशेब वर्षांचा असतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या घबराटीच्या आणि झोपेच्या गोळ्या लगेच बरं वाटायला लावतात, पण सवय लावतात. मेडिकलवरून परस्पर आणून वर्षानुवर्षं घेणारे मी पुष्कळ पाहते. त्या चालू असतील तर एकदम बंदही करू नका, आकडी (फिट) येऊ शकते.

ताईंना लिथियम दिलं असेल तर हा परिच्छेद घरात मोठ्याने वाचा. १९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी तेजीवर त्याचा उपयोग दाखवला, आणि आजही ते अतिशय मोलाचं औषध आहे. पण ते मीठच आहे, आणि अंगातलं पाणी व मीठ कमी झालं की रक्तात साचतं. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांचा. उन्हात केळीच्या बागेत दिवसभर राबलं, जुलाब-उलट्या झाल्या, निर्जळी उपास केला, किंवा अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी चार दिवस घेतली, की पातळी वाढू शकते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या, गुंगी ही धोक्याची खूण. अशा वेळी पुढचा डोस न देता थेट दवाखान्यात न्यायचं आणि लिथियम चालू आहे हे आधी सांगायचं. एरवी पाणी भरपूर, जेवणातलं मीठ रोजच्याइतकंच, आणि रक्तातली पातळी डॉक्टर सांगतील तेव्हा, शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी. दर उन्हाळ्यात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास मी हे माझ्या प्रत्येक लिथियमवाल्या पेशंटला पुन्हा सांगते.

दुसरं, ताई ३१ वर्षांच्या आहेत. बायपोलरसाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट हे औषध चालू असेल तर गरोदरपणात बाळाच्या मणक्याला आणि बुद्धीच्या वाढीला त्याचा मोठा धोका असतो. मनाने बंद करू नका, पण येत्या भेटीत डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा. चिठ्ठी लिहिताना हा विषय निघालाच नाही, असं अनेकदा होतं.

आता कामाचं. एक मोठा कागद घ्या आणि सहा वर्षांची आडवी रेघ मारा. तारखा आठवत नाहीत म्हणून अडू नका, मी पेशंटच्या घरच्यांना सण विचारते. त्या पोळ्याला ताई कशा होत्या? कानबाईला माहेरी आल्या तेव्हा जेवत होत्या का? कापूस वेचणीच्या वेळी किती झोपायच्या? रेघेच्या वर तेजीचे दिवस, खाली उदासीचे, आणि भास-भ्रम वेगळ्या शाईने. गोळी कोणती कधी सुरू झाली, कधी सुटली, बाळंतपण कधी, हे त्याच रेघेवर. जुन्या फाईल्स हरवल्या असतील तर ताईंना स्वतःची वैद्यकीय कागदपत्रं मागण्याचा हक्क २०१७ च्या त्याच कायद्याने दिला आहे. हा कागद घेऊन चौथ्याच डॉक्टरांकडे जा. पाचवा शोधू नका, किमान वर्षभर तरी. दर वेळी नवा डॉक्टर म्हणजे दर वेळी रेघ पुन्हा शून्यापासून. खर्च झेपत नसेल तर जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलतात.

एक प्रश्न तुम्ही ताईंना नक्की विचारा, आणि सरळ शब्दांत विचारा: "जगू नये असं वाटतं का?" विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. उत्तर 'हो' आलं, तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. उत्तर काहीही आलं तरी फवारणीची औषधं घरातून हलवा. आपल्याकडे कीटकनाशकाची बाटली ओसरीच्या कोनाड्यात किंवा खाटेखाली असते, आणि वाईट क्षण बरेचदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात बाटली हाताशी नसली, तर जीव वाचतो. हे मी वॉर्डात डोळ्यांनी पाहिलंय, दोन्ही बाजूंनी.

तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात सासरचे काय म्हणतात ते आहे, चार डॉक्टर काय म्हणाले ते आहे, तुम्हाला काय वाटतं तेही आहे. ताई स्वतः काय म्हणतात, ते एका ओळीतही नाही. तो रेघेचा कागद करायला बसाल तेव्हा त्यांनाच शेजारी बसवा आणि पेन त्यांच्या हातात द्या. कोणती गोळी घेतल्यावर स्वतःसारखं वाटलं आणि कोणत्या गोळीने नुसतं सुस्त केलं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.